जुनिपरची छाटकलमे : वामनवृक्षाचे रोप घरी कसे करावे

उथळ कुंडीत वाढविलेला, उंचीने जेमतेम हातभर परंतु ठेवणीने डोंगरकड्यावरच्या जुनाट वृक्षासारखा दिसणारा जुनिपर शहरांतील पुष्पप्रदर्शनांत व रोपवाटिकांत पाहावयास मिळतो. अशा लहान वृक्षांस जपानी भाषेत ‘बोन्साय’ म्हणतात. ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड. मराठीत त्यांस वामनवृक्ष हे समर्पक नाव आहे. वामनवृक्ष ही झाडाची निराळी जात नव्हे. मोठ्या झाडाच्याच बियांपासून अथवा कलमांपासून तयार केलेले रोप मुळांची व फांद्यांची छाटणी करून वर्षानुवर्षे लहान ठेवलेले असते. ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. कारण ‘बोन्सायचे बी’ किंवा ‘बोन्साय जातीचे रोप’ म्हणून काही विकले जात असेल, तर तेथेच फसवणुकीस आरंभ झालेला असतो.

शहरांलगतच्या गावांतील बागाईतदार, रोपवाटिका चालविणारे तरुण आणि महिलांचे बचत गट यांच्याकडून जुनिपरच्या रोपांविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे विचारणा होते. जुनिपरची कलमे घरच्या अंगणात करता येतात. त्यांस महागडी साधने लागत नाहीत. डाळिंबाची वा पेरूची गुटी बांधणाऱ्या शेतकऱ्यास यातील हातकाम अवघड वाटण्याचे कारण नाही. अडचण आहे ती निराळीच. या झाडाचा एक स्वभावधर्म असा आहे की, तो ठाऊक नसलेल्या मनुष्याची हमखास दिशाभूल होते.

वांग्याचे किंवा मिरचीचे रोप उपटून ठेवले तर तासाभरात ते मान टाकते. तोरणासाठी तोडलेला आंब्याचा टाळा चार दिवसांत वाळतो. जुनिपरचे तसे नाही. त्याची पाने फार बारीक असून माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक डहाळीस चिकटलेली असतात व त्यांवर मेणाचा जाड थर असतो. मूळचा हा वृक्ष थंड, कोरड्या, वाऱ्याच्या मुलखातील. अंगातील पाणी जपून ठेवण्याचीच त्याची घडण आहे. त्यामुळे झाडापासून तोडलेली डहाळी कित्येक आठवडे हिरवी राहते. कुंडीतील झाडाची सगळी मुळे कुजून गेली तरी वरचा पाला लगेच तक्रार करीत नाही. थंडीच्या दिवसांत तर महिना-दोन महिने झाड जसेच्या तसे दिसते. पाला पिवळट-करडा पडू लागतो, तेव्हा झाड मरून बरेच दिवस लोटलेले असतात आणि मालक मात्र त्या दिवसापासून औषधोपचारास लागतो.

तात्पर्य, जुनिपरचा हिरवेपणा हा तो जिवंत असल्याचा पुरावा नव्हे. हे न समजल्यामुळे नुकसान होते ते दोन्ही बाजूंनी. नुकतीच खोचलेली छाट महिन्यानंतरही टवटवीत पाहून ‘कलम लागले’ असे समजणारा रोपवाटिकाधारक ती कुंडीत बसवून विकतो आणि ती घरी नेणारे गिऱ्हाईक दोन महिन्यांनी वाळलेली काडी टाकून देते. विकणाऱ्याच्या मनात कपट नसेलही. पण त्या गिऱ्हाइकाचे पाऊल पुन्हा त्याच्या रोपवाटिकेत पडत नाही. पुढे दिलेली सर्व रीत याच एका गोष्टीभोवती फिरते : वरच्या हिरवळीवर विसंबून न राहता मुळांची खात्री कशी करून घ्यावी.

ओळख

आपल्याकडे जुनिपर म्हणून पुष्कळदा मोरपंखी विकली जाते, म्हणून प्रथम झाड नीट ओळखावे. मोरपंखीची डहाळी चपटी, पंख्यासारखी पसरलेली असून ते पंखे उभे राहतात. तिची फळे वाळल्यावर लाकडासारखी होतात व त्यांस लहान शिंगांसारखी टोके असतात. जुनिपरची डहाळी सुतळीसारखी गोलसर असते, चपटी नसते, आणि त्याचे फळ मांसल, निळसर-काळे, वर राखेसारखी झाक असलेले असते. आयुर्वेदात ‘हपुषा’ या नावाने येणारे फळ ते याच कुळातील एका जातीचे. जुनिपरवर एकाच झाडास दोन प्रकारची पाने येतात, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. कोवळेपणी सुईसारखी टोचणारी पाने आणि वय वाढल्यावर खवल्यांसारखी मऊ पाने. जुन्या झाडाची फार छाटणी केली तर ते चिडल्याप्रमाणे पुन्हा टोचरी पाने काढू लागते. तेव्हा झाड बदलले की काय, अशी शंका घेऊ नये.

वामनवृक्षासाठी चिनी जुनिपर ही जात व तिचे जपानी प्रकार सर्वांत पसंत केले जातात. जमिनीसरपट पसरणारा बुटका प्रकार, ज्याचे शास्त्रीय नाव जुनिपेरस प्रोकम्बेन्स, नवशिक्याला अधिक सोपा. हिमालयातही जुनिपरच्या अनेक जाती आहेत. लडाखमध्ये ‘शुक्पा’ या नावाने त्याचा पाला धूप म्हणून पूजेत जाळतात व त्याची झाडे पवित्र मानली जातात. उंचावरच्या त्या जाती सपाट प्रदेशात जगत नाहीत. त्या वनांतून उपटून आणलेली झाडे कोणी देऊ केल्यास ती घेऊ नयेत. त्यात वनाचे नुकसान आहे आणि घेणाऱ्याचेही.

जपानचा अनुभव

कलमे करण्याची ही गरज जपानलाही ठेच लागल्यानंतरच पटली. तेथे ‘शिंपाकू’ या नावाचा डोंगरी जुनिपर शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वताच्या व निइगाता प्रांतातील इतोइगावा भागाच्या कड्यांवर उगवत असे. वारा, बर्फ व दरडी यांनी पिळवटलेली त्याची खोडे पाहून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधकांनी दोर लावून कड्यांवरून ती झाडे उतरविली. पैसा चांगला मिळे. परंतु कड्यावरचा वृक्ष एकदा काढला की त्या जागी दुसरा तयार होण्यास शतके लागतात. अशा रीतीने काही दशकांतच चांगली झाडे डोंगरांवर जवळजवळ उरली नाहीत. मग त्याच झाडांच्या फांद्यांपासून छाटकलमे करून रोपवाटिकांत वाढविण्यावर भर देण्यात आला. छाटकलमाचे रोप मातृवृक्षाचे सर्व गुण घेऊन येते. म्हणून इतोइगावाच्या कड्यांवरील झाडाचा बारीक, गच्च पाला आज तेथील रोपवाटिकांतील हजारो लहान कुंड्यांत जिवंत आहे. टोकियोचे व्यावसायिक १९२३ च्या भूकंपानंतर शहर सोडून निघाले व १९२५ मध्ये त्यांनी सायतामा प्रांतात ओमिया येथे बोन्सायचे गाव वसविले. ते आजही पाहावयास मिळते.

आपल्याकडे कोठे साधेल

जुनिपरला भरपूर ऊन, मोकळी हवा व पाण्याचा उत्तम निचरा लागतो. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यातील हवा त्यास बऱ्यापैकी मानवते. महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा त्यास आवडते. परंतु महाबळेश्वरी पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्या काळात कुंड्या छपराच्या कडेला घेतल्याशिवाय मुळे टिकत नाहीत. कोकणात दमटपणा व विदर्भात उन्हाळा, या दोन्ही गोष्टी झाडाच्या सोसण्यापलीकडे जातात. तेथील होतकरूंनी वड, पिंपळ, उंबर किंवा चिंच यांपासून वामनवृक्ष करावेत. ही झाडे आपल्या मातीतील असून अधिक क्षमाशीलही आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सर्वत्र जुनिपरचीच शिफारस करणे योग्य होणार नाही.

‘घरी’ याचा अर्थ येथे अंगण, परसू अथवा गच्ची असा घ्यावयाचा. दिवाणखान्यात मेजावर ठेवलेला जुनिपर हळूहळू मरतो, आणि वर सांगितलेल्या स्वभावामुळे तो मरत असल्याचे कोणास कळत नाही.

बियांपासून रोपे करण्याच्या भरीस पडू नये. जुनिपरचे बी कठीण कवचाचे व दीर्घ सुप्तावस्थेचे असते. ते उगवण्यास एक-दीड वर्षही लागते आणि रोप मातृवृक्षासारखे निघेल याची शाश्वती नसते.

छाटांची निवड व हंगाम

मातृवृक्ष तरुण, निरोगी व जोमात वाढणारा असावा. फार जुन्या झाडाच्या छाटांस मुळ्या फुटण्याचे प्रमाण कमी असते. नवशिक्याने खात्रीच्या रोपवाटिकेतून दोन-चार चांगली रोपे घेऊन तीच मातृवृक्ष म्हणून वाढवावीत. बंगल्यांच्या व उद्यानांच्या बागांत जुनिपरच्या कुंपणांची छाटणी होते. ती माळ्याकडून परवानगीने मागून घेतल्यास सरावापुरता माल विनामूल्य मिळतो. परदेशातून येताना सामानातून डहाळ्या आणण्याचा मोह मात्र टाळावा. वनस्पती संगरोध (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, २००३ प्रमाणे परवाना व रोगमुक्ततेचा दाखला यांवाचून अशी सामग्री देशात आणता येत नाही, आणि हा नियम उगाच केलेला नाही. त्याचे एक कारण पुढे येईल.

पठारावर छाटा घेण्यास दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडून रात्री गार पडू लागल्या की सुरुवात करावी व जानेवारीअखेर काम आटोपावे. या दिवसांत पानांवाटे पाणी कमी जाते, बुरशीचा उपद्रव कमी असतो आणि उन्हाळ्याचा ताप येण्यापूर्वी मुळ्या फुटण्यास अवधी मिळतो. जून-जुलैतही छाटा लागतात, किंबहुना दमट हवेमुळे थोड्या लवकर लागतात. पण त्या काळी त्या कुजण्याचाही तितकाच संभव असतो. सरावलेल्या हाताने तो हंगाम साधावा. मार्च ते मे हे महिने वर्ज्य समजावेत.

छाट चार ते सहा इंच लांबीची, टोकाचा वाढता शेंडा असलेली व बुंध्याशी हिरवी साल तपकिरी होऊ लागलेली असावी. अगदी कोवळी डहाळी कुजते आणि पूर्ण लाकूड झालेली फांदी मुळ्या फोडण्यास आळशी असते. शक्य तेथे छाट कात्रीने न कापता बाजूची डहाळी खाली ओढून अशी काढावी की, तिच्या बुडाशी मोठ्या फांदीच्या सालीचा छोटा तुकडा, म्हणजे ‘टाच’, चिकटून येईल. टाचेचे लोंबते टोक धारदार चाकूने नीट करावे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी छाटा काढून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात व त्याच दिवशी लावाव्यात.

मुळ्या कशा फुटतात

झाडापासून तोडलेल्या छाटेचे पाणी बंद होते, परंतु तिच्यात साठवलेले अन्न असते व हिरवा पाला थोडे नवे अन्न करीत राहतो. सालीच्या आतल्या बाजूस, लाकडालगत, नव्या पेशी निर्माण करणारा जो पातळ थर असतो त्यातून प्रथम जखम बुजविणारी पांढरट गाठ तयार होते आणि पुढे त्याच भागातून मुळ्या बाहेर पडतात. गाठ म्हणजे मुळ्या नव्हेत. गाठ येऊन महिनोन्महिने तशीच बसलेली छाट पुष्कळदा आढळते. मुळ्या फुटण्यास बुडाशी हवा, मंद ऊब व ओल या तिन्ही गोष्टी हव्यात. माती चिखलासारखी झाली की हवा निघून जाते व गाठच कुजू लागते. सारे कसब पाला सुकू न देता बूड कोंडू न देण्यात आहे.

म्हणून छाटांच्या माध्यमात काळी माती मूठभरही घालू नये, शेणखतही नको. भरड वाळू दोन भाग, बारीक केलेल्या विटांचे खडे किंवा परलाइट एक भाग आणि धुतलेले कोकोपीट एक भाग, असे मिश्रण चांगले. नदीची वाळू हल्ली सहज मिळत नाही; खडीयंत्रावरची कृत्रिम वाळू चालते, मात्र ती चाळून व दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिच्यातील पिठासारखी भुकटी पूर्णपणे काढावी. ही भुकटी राहिली तर पाणी दिल्यावर ती सिमेंटसारखी बसते आणि मेहनत फुकट जाते. फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट आतून जाळी लावून वापरल्यास निचऱ्याचा प्रश्नच राहत नाही.

छाटेच्या खालच्या दीड इंचावरील पाला बोटांनी अलगद काढावा. बुडाच्या एका बाजूची साल अर्धा-पाऊण इंच लांब, अगदी पातळ तासावी. तेथून मुळ्या अधिक फुटतात. त्यानंतर बूड मूळवर्धक संजीवकात बुडवावे. इंडोल ब्युटिरिक आम्ल, ज्यास आयबीए म्हणतात, यासाठी वापरतात. एक ग्रॅम आयबीए थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, निम्मे पाणी व निम्मे अल्कोहोल या मिश्रणाने एकूण अडीचशे मिलिलिटर केल्यास ४,००० पीपीएमचे द्रावण होते. त्यात छाटेचे बूड पाच ते दहा सेकंद धरून लगेच लावावे. बाजारातील तयार भुकटी वापरावयाची झाल्यास लाकडी छाटांसाठी असलेली घ्यावी व जास्तीची भुकटी झटकून टाकावी. जास्त औषधाने जास्त मुळ्या फुटत नाहीत, उलट बूड करपते. संजीवकावाचूनही काही छाटा लागतात. पण प्रमाण कमी राहते.

काडीने भोक पाडून त्यात छाट सव्वा ते दीड इंच खोल ठेवावी व भोवतालचे मिश्रण बोटांनी दाबावे. छाट तशीच खुपसल्यास तासलेली साल सोलून निघते. दोन छाटांत दोन इंच अंतर असावे, म्हणजे पाला एकमेकांस घासणार नाही. झारीने एकदा भरपूर पाणी देऊन वर बांबूच्या कामट्यांवर पारदर्शक पॉलिथिन ताणावे. क्रेट पन्नास टक्के सावलीच्या शेडनेटखाली अथवा पूर्वेच्या भिंतीशी, जेथे सकाळचे कोवळे ऊन मिळेल व दुपारचे लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. रोज सकाळी पॉलिथिन थोडा वेळ उघडून हवा खेळू द्यावी. पाल्यावर बारीक फवारा, पण मिश्रणास पाणी ते वरून सुकत आल्यावरच, हा क्रम पाळावा. मेलेली, पांढरी बुरशी धरलेली छाट दिसताच काढून टाकावी.

खात्री कशी करावी

आता खरी परीक्षा असते ती धीराची. पहिले सहा-आठ आठवडे छाटांत काहीही फरक दिसत नाही. त्यातील काही या काळात मेलेल्या असतात आणि तरीही हिरव्याच असतात. छाट हलवून अथवा वर ओढून पाहण्याची सवय फार वाईट. नुकत्याच फुटलेल्या मुळ्या काचेसारख्या ठिसूळ असतात आणि ओढताच तुटतात. त्याऐवजी पुढील खुणांवर लक्ष ठेवावे. जिवंत छाटेचा पाला दोन बोटांत चोळला असता मऊ लागतो. मेलेल्या छाटेची चकाकी जाऊन तो राखट, ठिसूळ होतो व चोळताच खवले गळतात. शंका वाटल्यास बुडाजवळची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओलसर हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी कोरडे दिसले तर नाही. परंतु जीव असणे व मुळ्या असणे यांतही भेद आहे. मुळ्यांची खूण एकच : शेंड्यांशी फिकट, पोपटी रंगाची नवी वाढ दिसू लागते आणि ती आठवड्यामागून आठवडा पुढे सरकते. क्रेटच्या जाळीतून पांढरी मुळी डोकावली तर प्रश्नच मिटला.

साधारणपणे तीन ते चार महिन्यांत बऱ्याच छाटा मुळ्या धरतात. काही सहा महिनेही घेतात. मागे राहिलेल्या परंतु जिवंत छाटा फेकू नयेत. नवी वाढ दिसू लागल्यावर पॉलिथिन एकदम न काढता आठ-दहा दिवसांत हळूहळू उघडे करावे. मुळ्या इंच-दीड इंच लांब झाल्या की रोपे निरनिराळ्या पिशव्यांत लावावीत. थंडीत केलेल्या छाटा मार्चमध्ये तयार दिसल्या तरी उन्हाळ्यात हात न लावता सावलीत तशाच राखून पहिल्या पावसाच्या सरींनंतर हलविल्यास मर कमी होते.

गुटी व दाबकलम

जाड खोडाचे रोप लवकर हवे असेल तर गुटी बांधावी. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्यास रीत सांगण्याची आवश्यकता नाही; फरक तेवढे सांगतो ते असे. जुनिपरवर सालीची अंगठी फांदीच्या जाडीच्या दुपटीइतकी रुंद काढावी आणि उघड्या लाकडावरील निसरडा थर पूर्ण खरवडावा, नाहीतर झाड दोन्ही कडा पुन्हा सांधून घेते व मुळ्या फोडीत नाही. शेवाळ भिजवून, घट्ट पिळून बांधावे. जूनच्या आरंभी बांधलेल्या गुटीस पावसाळा संपेपर्यंत मुळ्या दिसू लागतात. न दिसल्यास आणखी दोन-तीन महिने थांबावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुटी काढून घेतल्यावर खाली उरणाऱ्या फांदीवर हिरवी डहाळी असलीच पाहिजे. वड, पेरू यांच्या उघड्या खोडालाही नवे डोळे फुटतात. जुनिपरच्या जुन्या, पाला नसलेल्या लाकडातून सहसा डोळा फुटत नाही. तो भाग मरतो. मातृवृक्षावरून छाटा घेतानाही हाच नियम पाळावा आणि कोणतीही फांदी पूर्ण बोडकी करू नये.

जमिनीवर पसरणाऱ्या बुटक्या जुनिपरच्या फांद्या मातीला टेकतात तेथे स्वतःच मुळ्या धरतात. त्या जागी सालीला थोडी इजा करून, वर माती ओढून दगड ठेवला की दाबकलम तयार होते. घरापुरती पाच-दहा रोपे हवी असणाऱ्यास याहून सोपा मार्ग नाही.

रोपापासून वृक्षाकडे

मुळ्या धरलेले रोप म्हणजे वामनवृक्ष नव्हे, त्याची सुरुवात आहे. रोप लगेच उथळ तबकात घातले तर त्याचे खोड काडीसारखेच राहते. त्यास मोठ्या पिशवीत किंवा वाफ्यात तीन ते पाच वर्षे मोकळेपणाने वाढू द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, खोड पेन्सिलीहून बारीक व लवचिक असताना, त्यावर ॲल्युमिनियमची तार गुंडाळून त्यास पीळ द्यावा. जपानी रोपवाटिकांत तरुण शिंपाकूंना असाच पीळ देतात व पुढे तो कड्यावरच्या झाडासारखा दिसतो. तार सालीत रुतू लागण्यापूर्वी काढावी. शेंडे कातरून झाडास कुंपणासारखा आकार देऊ नये, त्यामुळे कापलेली टोके तांबूस पडतात. लांबलेली डहाळी तिच्या फाट्याशी कापावी.

रोग-किडींत लाल कोळी हा उन्हाळ्यातला मुख्य शत्रू. पाला निस्तेज, धुळकट दिसल्यास डहाळीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी; कागदावर ठिपके चालू लागले तर कोळी आहेत. आठवडाभर रोज सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाला आतून-बाहेरून धुतल्यास प्रादुर्भाव बहुतेक आटोक्यात येतो. पावसाळ्यात कोवळे शेंडे करपण्याचा बुरशीजन्य रोग येतो. करपलेले शेंडे कोरड्या दिवशी कापून जाळावेत व रोपांतील अंतर वाढवावे. याबाबतीत औषधापेक्षा मोकळी हवा अधिक उपयोगी पडते.

एका रोगाचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. जुनिपरवरील तांबेरा हिवाळा जुनिपरवर काढून वसंतात नासपतीच्या पानांवर उडून जातो व तेथून पुन्हा जुनिपरवर परततो. दोन्ही झाडे जवळ असल्याशिवाय त्याचा फेरा पुरा होत नाही. यामुळे जपानमधील नासपतीच्या काही मुलखांत जुनिपर लावण्यावरच स्थानिक निर्बंध आहेत. महाराष्ट्रात नासपतीच्या बागा नाहीत, म्हणून येथील जुनिपरधारकास धास्ती नको. मात्र काश्मीर-हिमाचलकडे रोपे पाठविण्याचा विचार करणाऱ्याने, आणि परदेशी डहाळीस ‘एवढ्याने काय होते’ म्हणणाऱ्यानेही, हे ध्यानात ठेवावे.

विक्रीसंबंधी

वामनवृक्ष तयार होण्यास आठ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे तयार झाडांच्या विक्रीवर घरखर्च चालविण्याचे गणित शेतकऱ्यापुढे मांडणे प्रामाणिक होणार नाही. दोन-तीन वर्षांची, पीळ दिलेली सुदृढ रोपे छंदिष्टांना व मोठ्या रोपवाटिकांना पुरविणे हा जोडधंदा मात्र जमण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी पन्नास-साठ छाटांपुरतेच काम करावे, किती लागल्या याची नोंद ठेवावी आणि पुढचा वाव त्या नोंदीवरून ठरवावा.

गिऱ्हाइकास रोप देताना ते घराबाहेर उन्हात ठेवण्याचे व कुंडीखालच्या ताटलीत पाणी न साठविण्याचे बजावून सांगावे. विकत घेणाऱ्यानेही नुसता पाला पाहून पैसे मोजू नयेत. कुंडीतील खडे डिंकाने चिकटवून माती झाकलेली असल्यास ते रोप घेऊच नये. खोड बोटांत धरून अगदी हलके हलवावे. खोडाबरोबर मातीचा गोळा हलला तर मुळे धरलेली आहेत, खोड एकटेच डुलले तर ती नुसती खोचलेली छाट आहे. रोपवाटिकाधारकाने रोप पिशवीत एक पूर्ण पावसाळा काढल्यावरच विक्रीस ठेवावे आणि कोणी मागितल्यास मातीच्या गोळ्यासह ते बाहेर काढून कडेने फिरलेली मुळे दाखवावीत.